पाणबुडीच्या खेळातले स्वतःचे नियम: नागपूरच्या नवख्या कप्तानांसाठी

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांबच. तरी इथे पाणबुडीचे सिम्युलेटर खेळणारी मंडळी आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यांत थोडी भर पडते. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या पुढे, खिडक्यांना पडदे, कूलर सुरू आणि लॅपटॉपवर उत्तर अटलांटिकचा हिवाळा. नवा खेळाडू मात्र बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो. आधी सगळ्या सोयी चालू ठेवून दिसेल ते जहाज बुडवतो आणि आठवडाभरात कंटाळतो. मग कोणी जुना खेळाडू सांगतो, "काय बे, पोरासारखा खेळून राहिला! रिअलिझम शंभर टक्के कर ना." तो करतो. नकाशा कोरा होतो, एकही टॉर्पेडो लागत नाही आणि खेळ डिलीट होतो.

हा लेख या दोन टोकांच्या मधे अडकलेल्यांसाठी आहे. सेटिंगमधले टक्के फक्त एवढंच मोजतात की तुम्ही किती सोयी बंद केल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या कप्तानाला काय दिसत होतं, काय ठाऊक नव्हतं आणि चूक झाली की काय भोगावं लागत होतं, ते टक्क्यांत येत नाही. ते आणायचं तर नियम आपले आपणच घालावे लागतात आणि पाळावे लागतात. खाली माझी पद्धत आहे. क्रम महत्त्वाचा आहे, तो शक्यतो मोडू नका.

आधी खेळ आणि बोट

सायलेंट हंटर ३ हा २००५ सालचा खेळ, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचा, म्हणजे यू-बोटींचा. ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो आणि ग्रे वुल्व्हज, म्हणजेच जीडब्ल्यूएक्स, सारखे मॉड (खेळाडूंनी बनवलेले फेरबदल) टाकले की आजही तोडीस तोड उभा राहतो. सायलेंट हंटर ४ हा २००७ चा, पॅसिफिकमधल्या अमेरिकन पाणबुड्यांचा; त्याच्या २००८ च्या यू-बोट मिशन्स या पुरवणीत हिंदी महासागरही येतो. मशीन नवं असेल तर यूबोट घ्या. २०१९ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला) असलेला हा खेळ २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि त्यात बोटीइतकंच आतल्या माणसांना सांभाळावं लागतं. कोल्ड वॉटर्स शीतयुद्धातल्या अणुपाणबुड्यांचा, तो नंतर. माझा कौल पहिल्यासाठी सायलेंट हंटर ३ ला. पुढची उदाहरणं त्यातलीच आहेत, पण नियम कुठेही चालतील.

बोट निवडताना घाई करू नका. सगळ्यांना टाइप सात प्रकारची यू-बोट हवी असते, मी मात्र नवख्याला १९३९ मध्ये टाइप दोनवर बसवतो. ती छोटी, पुढे टॉर्पेडो सोडायच्या तीन नळ्या आणि एकूण पाच टॉर्पेडो. उत्तर समुद्रातली गस्त लवकर संपते. पाचच टॉर्पेडो असले की माणूस आपोआप काटकसरी होतो, आणि हा खेळ मुळात काटकसरीचाच आहे.

टाइप सात-सीचे आकडेही डोक्यात असू द्या. लांबी ६७ मीटर, आत पन्नासेक माणसं, पुढे चार नळ्या, मागे एक, सोबत १४ टॉर्पेडो. पाण्यावर १७ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर वेग, पाण्याखाली जेमतेम साडेसात, आणि तोही बॅटरी झपाट्याने उतरवून. ४ नॉटने सावकाश गेलात तर एका चार्जवर ८० सागरी मैल, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर. नागपूरहून अमरावती गाठायला वीस तास, तेही सायकलपेक्षा हळू, आणि पोचल्यावर बॅटरी संपलेली! डिझेल इंजिन लावून ती पुन्हा भरायची तर वर यावंच लागतं, कारण इंजिनाला हवा लागते. म्हणजे ही बोट पाण्यावर चालणारीच, प्रसंग पडला तर बुडी मारणारी. त्यामुळे पहिला नियम साधा: कारणाशिवाय बुडी नाही. दिवसभर पाण्याखाली लपून राहणारा कप्तान १९४० मध्ये कुठे पोचलाच नसता.

खरी पाणबुडी आतून बघायची असेल तर आपल्याला जवळची म्हणजे विशाखापट्टणमची. रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. ती सोव्हिएत बनावटीची आणि युद्धानंतरची, लांबीला ९१ मीटर. टाइप सातपेक्षा बरीच मोठी. तरी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल झडपेतून वाकून शिरावं लागतं. ते एकदा केलंत की स्क्रीनवर "टॉर्पेडो भरायला वेळ लागतोय" म्हणून चिडणार नाही.

सेटिंगच्या पडद्यावर

सगळ्या खुणा एकदम मारू नका. सोयींचे दोन गट करा: ज्या बंद करायला फक्त धीर लागतो त्या, आणि ज्या बंद करायला कौशल्य लागतं त्या.

पहिला गट पहिल्याच दिवशी बंद. इंधन मर्यादित, बॅटरी मर्यादित, दाबाची हवा आणि प्राणवायू मर्यादित, दुरुस्तीला खरा वेळ, जहाज बुडायला खरा वेळ, टॉर्पेडो फुसके निघण्याची शक्यता. यातलं काहीही शिकावं लागत नाही, फक्त सोसावं लागतं. बाहेरून बोट दाखवणारा कॅमेराही याच गटात. तो बंद करताना जीवावर येतं, कारण खेळातली सगळ्यात देखणी दृश्यं तिथेच. पण पाण्याखालून वर तरंगत जाऊन विनाशिका (पाणबुड्यांच्या मागावरची युद्धनौका) कुठे वळली ते बघून येणारा कप्तान इतिहासात झाला नाही. अगदीच राहवत नसेल तर बंदरात असताना तो कॅमेरा वापरायची मुभा ठेवा.

दुसऱ्या गटात हाताने नेम धरणं आणि नकाशावरच्या खुणा बंद करणं. हे लांबणीवर टाका. नकाशाच्या बाबतीत तर मी शंभर टक्केवाल्यांशी भांडतो. खुणा चालू असल्या की जहाज नेमकं कुठे आहे ते देवाच्या डोळ्याने दिसतं, हे खरंच. पण बंद केल्यावर काहीच उरत नाही, आणि तेही खोटंच. खऱ्या बोटीवर पहारेकरी दिशा आणि अंतर ओरडून सांगत, खाली नकाशावर कोणी ते टिपत असे. तुम्ही एकटेच पन्नास माणसांची कामं करणार असाल तर त्याला वास्तव म्हणता येणार नाही. मधला मार्ग असा: खुणा चालू ठेवा, पण ठरावीक पातळीच्या पुढे नकाशा मोठा करायचा नाही. जहाजाचा आकार दिसायला लागला, त्याचं तोंड कुठे ते कळायला लागलं, की तुम्ही हद्द ओलांडली. लांबून फक्त ठिपका दिसतो, आणि ठिपक्यात अंदाजाची चूक आपोआप शिल्लक राहते.

घड्याळ

नवखे ज्याचा विचारच करत नाहीत असा हा भाग. सायलेंट हंटर ३ मध्ये वेळ १०२४ पटीपर्यंत पळवता येतो. हिशेब करा: तीन आठवड्यांची गस्त अर्ध्या तासात आटोपते. मग कंटाळा कसला आणि तणाव कसला? कप्तानाचा बहुतेक वेळ रिकाम्या क्षितिजाकडे बघण्यात जायचा. ते सगळं गाळलं तर जहाज दिसल्याचा आनंदही गळून जातो.

माझा नियम: स्वतःच्या किनाऱ्यापासून गस्तीच्या भागापर्यंत वेग मोकळा. ठरलेल्या चौकोनात शिरलं की जास्तीत जास्त १२८. शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात ३२. डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) पडत असताना एकास एक, म्हणजे घड्याळ खऱ्या वेगाने. हा शेवटचा नियम सगळ्यात जाचक आणि सगळ्यात मोलाचा. विनाशिका वर घिरट्या घालते आहे, तुम्ही दोन नॉटने सरकताय, दुरुस्ती बंद, टॉर्पेडो भरणं बंद, आणि असा तासभर खरोखर बसायचं. शेजारी पुस्तक ठेवा हवं तर. पण घड्याळाला हात नाही.

खेळ तुम्हाला नेमून दिलेल्या चौकोनात २४ तास काढायला सांगतो आणि मग मोकळं सोडतो. ते फारच थोडं. इंधन एक तृतीयांश उरेपर्यंत त्या परिसरातच राहायचं, असा नियम करून पाहा. वादळात किंवा धुक्यात दर चार तासांनी २० मीटरवर बुडी मारून पाव तास हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र, ऐका. तो पाण्याखालीच कामाचा, आणि डोळ्याला जे दिसत नाही ते त्याला कितीतरी लांबून ऐकू येतं. निष्कारण बुडी नाही असं वर म्हटलं. हे त्यातलं रास्त कारण.

सेव्ह करणं

मुख्य मोह इथे आहे. हल्ल्याआधी सेव्ह, चुकलं की परत, पुन्हा चुकलं की पुन्हा परत. असं खेळणाऱ्याच्या हाती लागलेला नेम हा नेमच नसतो. सेव्ह फक्त पाण्यावर असताना, आसपास एकही जहाज किंवा विमान नसताना, आणि खेळ बंद करून उठतानाच. सोयीची गोष्ट अशी की सायलेंट हंटर ३ ला स्वतःलाच पाण्याखाली किंवा जहाजांच्या गर्दीत केलेलं सेव्ह मानवत नाही. फाइल बिघडू शकते. नियम आणि तांत्रिक गरज इथे एकाच बाजूला आहेत.

आता लाइट जाण्याचा प्रश्न. नागपूरच्या मे महिन्यात तो सोडवल्याशिवाय कुठलाच नियम टिकत नाही. लॅपटॉपची बॅटरी दगा देते, इन्व्हर्टरवर पंखा आधी की संगणक यावर घरात मतभेद असतात. हल्ल्याच्या मधेच सगळं बंद पडलं तर काय? माझा निवाडा: शेवटच्या सेव्हपासून सुरू करा, पण तो ताफा (एकत्र निघालेली जहाजं) तुमच्या हातून निसटला असं समजा. त्याच्या वाटेकडे फिरकायचंच नाही, मार्ग बदलून पुढे निघायचं. काही जण म्हणतात, लाइट गेली यात कप्तानाचा काय दोष? दोष नाहीच. पण पुढे काय होणार ते एकदा बघून पुन्हा तिथेच जाणं हा दोष आहे, आणि तोच आपल्याला टाळायचा आहे.

हाताने नेम, टप्प्याटप्प्याने

दोन-तीन गस्ती झाल्या की मग हे. नेमाला तीन गोष्टी लागतात: लक्ष्याचा वेग, त्याचा कोन आणि अंतर. नवखे तिन्ही एकदम शिकायला जातात आणि बुडतात. एका वेळी एक घ्या, बाकीचं खेळातल्या शस्त्र अधिकाऱ्यावर सोडा. यात कमीपणा नाही. रात्री पाण्यावरून हल्ला करताना खऱ्या यू-बोटीवर नेम धरायचं काम पहिल्या पहारा अधिकाऱ्याचं असे. कप्तान बोट चालवायचा आणि एकूण परिस्थितीवर नजर ठेवायचा. अधिकाऱ्याची मदत घेणारा खेळाडू काही वेळा शंभर टक्केवाल्यापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ असतो.

आधी वेग. नकाशावर लक्ष्याची जागा टिपा, स्टॉपवॉच लावा, ३ मिनिटं १५ सेकंदांनी पुन्हा टिपा. दोन खुणांमधलं अंतर मीटरमध्ये मोजून शंभराने भागा, आला वेग नॉटमध्ये. ८०० मीटर कापलं तर ८ नॉट. याच दोन खुणा जोडल्या की लक्ष्याची दिशाही मिळते.

मग कोन, ज्याला खेळाडू एओबी म्हणतात. त्या जहाजावर उभ्या माणसाने बघितलं तर त्याच्या जहाजाच्या नाकापासून आपण किती अंशांवर दिसू, तो हा कोन. समोरून येत असेल तर शून्य, बरोबर आडवं जात असेल तर नव्वद. पेरिस्कोपमधून नुसत्या नजरेने ओळखायला महिने लागतात, म्हणून लक्ष्याची दिशा नकाशावर आखून तिथून कोन काढा.

अंतर शेवटी, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला ते लागतच नाही. लक्ष्याच्या पुढे जाऊन त्याच्या वाटेला काटकोनात थांबा, वाटेपासून ६०० ते १००० मीटरवर. नळ्यांचा रोख सरळ समोर. लक्ष्य ८ नॉटने जातंय आणि विजेवरचा टॉर्पेडो ३० नॉटने, तर ८ भागिले ३० या गुणोत्तराचा कोन येतो साधारण १५ अंश. लक्ष्य डावीकडून येत असेल तर पेरिस्कोप नाकाच्या १५ अंश डावीकडे स्थिर ठेवा. जहाजाचा मधला भाग पेरिस्कोपमधल्या उभ्या रेषेवर आला की टॉर्पेडो सोडा. जहाज जवळ असो की लांब, ते आणि टॉर्पेडो एकाच बिंदूवर पोचतात. वाफेच्या टॉर्पेडोचा ४४ नॉट वेग धरला तर कोन १० अंशांवर येतो, मात्र तो मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो, तेव्हा दिवसा टाळा. आणि फार जवळही नको. ३०० मीटरच्या आत टॉर्पेडो सज्जच होत नाही.

जे त्याला माहीत नव्हतं

मला विचाराल तर घरच्या नियमांचा गाभा हा, आणि कुठल्याच सेटिंगमध्ये तो सापडत नाही. आपण इतिहास वाचलेला असतो. पुढे काय होणार ते आपल्याला पाठ असतं. १९४० च्या कप्तानाच्या अंगात २०२० च्या दशकातला वाचक घुसून बसलेला असतो.

टॉर्पेडोचंच घ्या. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन टॉर्पेडोंचं चुंबकी पिस्तूल (जहाजाखालून जाताना स्फोट घडवणारी कळ) भरवशाचं नव्हतं, आणि ते ठरवल्यापेक्षा खोलही धावत. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत हे इतकं उघडं पडलं की ते पिस्तूल वापरणंच थांबवलं गेलं. जुना खेळाडू हे जाणून असतो, म्हणून पहिल्या दिवसापासून आघाती, म्हणजे आपटल्यावर फुटणारं, पिस्तूल लावतो. कप्तानाला ती सोय नव्हती. नियम: एप्रिल १९४० पर्यंत मोठ्या जहाजांवर चुंबकीच, मग दहापैकी कितीही फुसके निघोत. अमेरिकन बाजूने खेळत असाल तर मार्क १४ टॉर्पेडोचं दुखणं याहून लांबलेलं. तो सुमारे तीन मीटर जास्त खोल जातो हे १९४२ च्या उन्हाळ्यात चाचण्या घेऊन सिद्ध झालं, चुंबकी यंत्रणा १९४३ च्या मध्यावर बंद केली गेली आणि टोकाच्या पिनेचा दोष त्यानंतर सुटला. जुलै १९४३ मध्ये टिनोसा पाणबुडीने एका थांबलेल्या जपानी जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो सोडले. ते आपटत होते आणि फुटत नव्हते. तुमच्या खेळातली तारीख त्याआधीची असेल तर तुम्हीही हतबुद्ध होऊनच बघत राहायचं.

रेडिओचा नियम तर अंगावर येतो. ताफा दिसला की आधी मुख्यालयाला संदेश, मग अंधार पडेपर्यंत लांबून पाठलाग, बाकीच्या बोटी जमेपर्यंत हल्ला नाही. यू-बोटींच्या टोळीची पद्धत ही होती. पण प्रत्येक संदेशावर शत्रू दिशा पकडू शकतो, आणि एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश दोस्त राष्ट्रांकडून वाचले जात होते. हे आपल्याला ठाऊक आहे. एनिग्मा फुटल्याची गोष्ट १९७४ मध्ये जगापुढे आली, म्हणजे तुमच्या कप्तानाला ती माहीत असण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा ताफा दिसला की संदेश पाठवायचा, बुडवलेल्या जहाजांचा अहवाल पाठवायचा, हवामान कळवायचं. आपणच आपल्या पायावर धोंडा मारतोय हे कळत असताना बटण दाबायचं. खेळात विमान नेमकं त्यामुळे आलं की नाही ते सांगता येत नाही, पण बटण दाबताना पोटात गोळा येतो आणि तो खरा असतो.

उलट बाजूही पाळा. खेळातले दोष वापरायचे नाहीत. एखाद्या मॉडमध्ये विनाशिका अमुक खोलीखाली चाचपडतात हे कळलं तर दर वेळी तिथेच जाऊन बसू नका. बंदरात शिरून नांगरलेली जहाजं टिपणं तर बंदच. यू-बोटीचा कप्तान प्रीन याने ऑक्टोबर १९३९ मध्ये स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली, पण ती मुद्दाम ठरवून आखलेली कामगिरी होती. आपले खेळाडू दर रविवारी तिथे जातात.

तोफ आणि टनांचा हिशेब

८.८ सेंटिमीटरची तोफ खेळात फार जालीम. सोबत २२० गोळे, आणि डोलत्या बोटीवरूनही नेम बसतो. नियम थोडक्यात: समुद्र शांत असेल तरच, जहाज एकटं आणि निःशस्त्र असेल तरच, विमानांच्या टप्प्याबाहेर. १९४३ पासून बऱ्याच बोटींवरून ती काढलीच गेली, तुम्हीही विसरून जा. डेकबाहेरच्या डब्यांतले जादा टॉर्पेडो आत घ्यायचे तर तेही शांत समुद्रात, वर थांबून.

आपण वास्तवापासून किती लांब गेलो ते मोजायला एक आकडा पुरतो. दुसऱ्या महायुद्धात बुडवलेल्या टनांच्या यादीत सगळ्यात वरचा कप्तान ओटो क्रेट्श्मर. मार्च १९४१ मध्ये तो पकडला गेला तेव्हा त्याच्या नावावर पावणेतीन लाख टनांच्या आसपास जहाजं होती, सबंध कारकिर्दीची मिळून. तुमचा आकडा चार गस्तींतच त्याच्या पुढे गेला असेल तर एखादा नियम आणखी कडक करायची वेळ आली.

त्या जहाजांवर कोण होतं

आपण खेळतो ती बाजू नाझी जर्मनीची. मी खेळतो, कारण पाणबुडीतली कोंडी मला ओढते. पण बुडणाऱ्या जहाजाला नुसता टनांचा आकडा करायला मन घेत नाही. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, डेकवर राबणारे. त्यांत आपल्या कोकणातले, रत्नागिरीकडचेही पुष्कळ. म्हणून माझ्या वहीत टनांच्या शेजारी जहाजाचा प्रकार, वेळ, हवामान आणि किनारा किती लांब हे लिहितो. तटस्थ जहाजावर हल्ला नाही, रुग्णवाहू जहाजावर नाही, ओळख पटल्याशिवाय टॉर्पेडो नाही. अंधारात ओळख पटवायची तर जवळ जावं लागतं, तेवढा धोका पत्करा.

वही

खेळाची आपली नोंदवही असते, तरी दोनशे पानी वही घ्या आणि मराठीत लिहा. नियम पहिल्या पानावर, गस्तीला निघण्याआधी. भर समुद्रात नियम बदलायचा नाही. न्याय्य वाटला तरी नाही. बदल फक्त बंदरात.

रोजची नोंद एक-दोन ओळींची पुरते. "१४ नोव्हेंबर. वारा पश्चिमेचा, लाटा मोठ्या. इंधन ६० टक्के. टॉर्पेडो ९. दुपारी दोनदा बुडी मारून ऐकलं, काही नाही." किंवा "पहाटे एकटं मालवाहू. दोन सोडले, एक फुसका, दुसरा चुकला. वेग ७ धरला होता, १० असावा." ही दुसऱ्या प्रकारची नोंद फार कामाची. महिनाभराने मागची पानं चाळलीत तर तुम्ही वेग नेहमी कमी धरता की जास्त, हे लगेच ध्यानात येईल.

घरातली व्यवस्था

कूलरसमोर बसून हायड्रोफोन ऐकणं अशक्य. टुल्लू पंपाची घरघर आणि दूरच्या जहाजाच्या पंख्याचा आवाज इतके सारखे की भलत्याच दिशेला पाठलाग होतो. कान झाकणारे हेडफोन घ्या, किंवा रात्री उशिरा, गारवा आल्यावर खेळा. रात्रीच्या हल्ल्याच्या वेळी खोलीतला दिवा घालवा, स्क्रीनचा उजेड कमी करा. अंधारातलं जहाज तेव्हाच दिसतं.

पॉजचा नियम घरच्यांशी बोलून ठरवा. दारावरची बेल, फोन, आईची हाक याला पॉज चालेल. विचार करायला पॉज चालणार नाही. "पाच मिनिटांत येतो" हे डेप्थ चार्ज चालू असताना म्हणू नका, एकास एक घड्याळात ती पाच मिनिटं संपत नाहीत. पहिल्यांदा जेवा, मग ताफा.

चार-पाच मित्र जमत असतील तर वुल्फपॅक खेळा. २०१९ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आलेल्या या खेळात एकाच बोटीवर प्रत्येकाचं वेगळं काम: कोणी सुकाणू, कोणी नकाशा, कोणी हायड्रोफोन, कोणी पेरिस्कोप. एक मनीषनगरला, एक महालात, एक धरमपेठेत बसूनही बोट चालते. तिथे एकच नियम बाकी सगळ्यांना पुरून उरतो: हुकूम मिळाला की तो परत म्हणून दाखवायचा, मगच अमलात आणायचा. "डावीकडे दहा अंश." "डावीकडे दहा अंश, होय." खऱ्या पाणबुडीवर हीच शिस्त असते. "अबे इकडं घे ना" असे हुकूम सुरू झाले की बोट तळाला.

कप्तान मेला तर

मेला तो मेला. यू-बोटींवर गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी तीस हजारांच्या आसपास परतले नाहीत. तुमचा कप्तान अपवाद असायचं कारण नाही. फक्त एवढं करा की हा नियम पहिल्या करिअरला लावू नका. शिकताना मरण फुकट असू द्या, दुसऱ्यापासून हिशेब धरा.

आणि नवा कप्तान पुन्हा १९३९ मध्ये जन्माला घालायचा नाही. मेलेल्याची शेवटची तारीख बघा, महिनाभर पुढे जा, तिथून सुरू करा. असं केलं की युद्ध तुमच्यासाठी थांबत नाही. प्रत्येक नवा कप्तान आधीच्यापेक्षा वाईट काळात समुद्रावर जातो. मे १९४३ या एका महिन्यात चाळीसहून जास्त यू-बोटी बुडाल्या. तुमची नवी तारीख त्याच्या पुढची निघाली तर पहिल्या गस्तीत जहाज बुडवायचं ध्येय ठेवूच नका. रात्री फ्रान्सच्या पश्चिमेचा बिस्केचा उपसागर ओलांडा, चौकोन गाठा, चार दिवस काढा आणि बोट परत आणा. वहीत टनांच्या रकान्यात शून्य लिहा आणि गस्त यशस्वी धरा.